नाममुद्रा नसलेलं गाणं

रेमो फर्नांडिसचा विषय गोव्यात कुठंही निघू दे, तिसऱ्या वाक्याला पिवळी स्कूटर येतेच. मुंबईच्या कंपन्यांनी दाद न दिलेला शिवोलीचा एक तरुण घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट-यंत्रावर आख्खी कॅसेट तयार करतो. वाद्यं स्वतः वाजवतो, आवाज सगळे स्वतःचे, कव्हरही स्वतःच काढतो आणि मग पिवळ्या स्कूटरवर माल लादून गोवाभर दुकानं पालथी घालतो. साल 1984, कॅसेटचं नाव ‘गोवन क्रेझी’. गोष्ट खरी आहे, सुरेख आहे. पण मी ती इतक्या तोंडून ऐकलीय की उद्या कुणी स्कूटरचा नंबर सांगितला तरी मला नवल वाटणार नाही. गंमत पुढेच. गोष्ट सांगणाऱ्याला म्हणावं, ‘बरं, त्या कॅसेटवरचं एखादं गाणं म्हणून दाखवा की.’ तो जरा घुटमळतो आणि ‘हम्मा हम्मा’ सुरू करतो.

‘हम्मा हम्मा’ 1995 च्या ‘बॉम्बे’मधलं. चाल ए. आर. रहमान यांची, हिंदी शब्द मेहबूब यांचे. रेमोने आवाज दिला आणि झकास दिला, पण ते त्याचं गाणं नव्हे. जन्मभर स्वतःचे शब्द स्वतःच्या चालीत बांधून गाणारा हा माणूस, आणि लोकांच्या ओठावर राहिलं ते नेमकं असं गाणं ज्यात त्याचा ना शब्द ना चाल.

आम्ही काही जण महिन्यातून एका शनिवारी म्हापशाला एकाच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर जमतो, जुन्या कॅसेटी लावतो आणि भांडतो. तिथल्या भांडणांतूनच हा लेख आला आहे. वल्ली कलावंताच्या किश्शांना आपण त्याची कदर समजतो, आणि त्या किश्शांच्या आड त्याचं काम हळूहळू दिसेनासं होतं, ही माझी तक्रार. चाहते म्हणवणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, आता किस्से थोडे आवरावेत आणि गाण्यांची निगा राखावी. ही निगा सरकारच्या, ग्रंथालयाच्या आणि लग्नातल्या डीजेच्याही वाट्याला येते. तिथपर्यंत येतोच.

आधी आपल्या घरातलं उदाहरण, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा पॉपवाल्यांचाच आजार. केरीच्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या कुठल्याही मराठी घरात त्यांचं नाव काढा. त्यांचा करारीपणा, रेडिओला दिलेला नकार, ध्वनिमुद्रणाबद्दलचा अविश्वास, आणि शेवटी हुकमाचं पान म्हणजे 1977 मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत त्यांची भैरवी आहे, हे सगळं तोंडपाठ. छाती फुगते, फुगायलाच हवी. पण ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेले किती? एका समारंभात मी हा प्रश्न चारचौघांत विचारला होता. उत्तरादाखल व्हॉयेजर आता किती लांब गेलंय याची माहिती मिळाली.

मी पेडणे तालुक्यातला. आमच्याकडची गोम अशी की घरात बोलायची कोकणी, वाचायची-लिहायची मराठी, आणि देवळाच्या चौकात गायचे ते अभंग. शिवोली आमच्यापासून नदीपलीकडे. पूल व्हायच्या आधी चोपड्याहून फेरीबोट असे. शापोरा नदी ओलांडायला लागायची थोडीच मिनिटं, पण पलीकडे उतरलं की चर्चची घंटा, पाव, आणि सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवसांत नदीत सजवलेल्या होड्या. कॉलेजसाठी रोज ती फेरी धरून म्हापशाला जायचो. तिथल्या बाजारातून 1986 साली मी ‘गोवन क्रेझी’ची कॅसेट घेतली. बसभाडं वाचवून घेतली, हे सांगायचा मोह होतोय, पण खरं म्हणजे आईकडून पैसे मागून घेतली.

माझे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्यांनी दारातून दोन गाणी ऐकली आणि विचारलं, ‘हो कोण रे पिसो?’

कोकणीत पिसो म्हणजे वेडा. मराठीतही हा शब्द आहे, पिसे. संतांनी तो विठ्ठलाच्या वेडाला वापरला, म्हणजे तसा मानाचाच. वडिलांनी मात्र तो अगदी बाजारी अर्थाने वापरला होता आणि मी हसलो होतो. आज वाटतं की त्यांचा प्रश्न आमच्या आजच्या कौतुकापेक्षा बरा होता. ‘कोण?’ असं तरी त्यांनी विचारलं. आम्ही ‘पिसो’ एवढ्यावरच खूश असतो.

तो काळही साधा नव्हता. राजभाषेवरून गोवा पेटला होता. 4 फेब्रुवारी 1987 ला राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा ठरली, मराठीला शासकीय कामकाजात जागा मिळाली, आणि त्याच वर्षी 30 मे रोजी घटकराज्य आलं. आमच्या बाजूच्या घरांत मराठीचा झेंडा होता. त्याच्याही आधी, 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात फूल (महाराष्ट्रात विलीनीकरण) की दोन पानं (वेगळा गोवा), यावर घरं दुभंगली होती. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली, आणि त्या प्रचारात उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी काय केलं हे हरलेल्या बाजूचे लोकसुद्धा सांगतात. तेव्हा गाणं ‘आमचं’ की ‘त्यांचं’ हे इथे सुरांवर कधीच ठरलं नाही. इंग्रजीत गाणारा, शिवोलीचा, ख्रिस्ती घरातला गायक मराठीवाद्याच्या घरात टेपवर वाजतोय म्हणजे नदी उलटी वाहिल्यासारखंच. म्हणूनच कदाचित त्याला पिसो म्हणून मोकळं होणं सगळ्यांना सोयीचं गेलं. वेड्याला बाजू नसते.

आता त्याच्या कामाकडे वळतो, कारण इथे थांबण्यासारखं पुष्कळ आहे.

चार ट्रॅकवर कॅसेट केली, हे वाक्य आपण फार सहज टाकतो. कॅसेटची फीत रुंदीला चार मिलिमीटरसुद्धा नसते. नेहमीच्या कॅसेटीत तिच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसरी, आणि प्रत्येक बाजूला डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन पट्ट्या. चार ट्रॅकचं यंत्र या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतं. म्हणजे एका पट्टीवर गिटार, दुसरीवर बेस, तिसरीवर ताल, चौथीवर गळा, आणि संपली जागा. त्यावर बासरी हवी, मागे चार आवाजांचा मेळ हवा, तर करायचं काय? चौथी पट्टी आधी मोकळीच ठेवायची, पहिल्या तीन पट्ट्यांवरचं सगळं एकत्र मिसळून तिच्यावर उतरवायचं आणि पहिल्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या. हे एकदा केलं की परतीचा रस्ता बंद. ताल जरा जास्त झाला असं दुसऱ्या दिवशी वाटलं तरी तो आता गिटारसकट कायमचा चिकटलेला. शिवाय प्रत्येक उतरवणीला फितीची खरखर वाढते ती वेगळीच.

म्हणजे पहिली नोट वाजवण्याआधी अख्खं गाणं डोक्यात पुरं वाजलेलं असावं लागतं. कोण कधी येणार, कोण कुणाच्या मागे दबणार, कुठे रिकामं सोडायचं, सगळं. आज फोनवरच्या ॲपमध्येही शंभर ट्रॅक मिळतात आणि काहीही केव्हाही मागे घेता येतं, त्यामुळे त्या शिस्तीची कल्पना करणं अवघड जातं. रेमो मुंबईच्या सर जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकला. पाया घालण्याआधी नकाशात वरचा मजला पाहायची सवय तिथून आली का, हा माझा आपला तर्क. पण हेडफोन लावून ती जुनी गाणी ऐकली की मोकळ्या सोडलेल्या जागा ऐकू येतात, आणि त्या चुकून राहिलेल्या नाहीत हे कळतं. स्कूटरच्या गोष्टीत हे कुठेच नसतं. तिथे एक अवलिया असतो, जिद्द असते, वारा असतो. गाण्याच्या बांधणीवर वाक्यभरही कुणी बोलत नाही.

मग विषय. 1986 ची कॅसेट थेट गर्दविरोधात, ‘पॅक दॅट स्मॅक’. किनाऱ्यावर तेव्हा काय चाललं होतं ते उत्तर गोव्यातल्या पोरांना सांगायला नको. पुढे 1992 मध्ये राजकारण्यांची टोपी उडवणारी. त्याच्या कितीतरी आधी पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले तेव्हा त्यांनाच नावाने हाक मारून त्यांच्यासमोर गाणं म्हटलं. त्यावर इथल्या वर्तमानपत्रात टीका झाली, त्याने कात्रण दिल्लीला पाठवलं, आणि गाणं आवडल्याचं उत्तर आलं. (हाही किस्साच झाला, कबूल.) पण मला त्यात दिसते ती शाहिरी. चालू घडामोडीवर स्वतः रचायचं, स्वतः चाल लावायची, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच तोंडावर गायचं. मराठी माणसाला ही जात ओळखीची असायला हवी. डफाच्या जागी गिटार आहे आणि भाषा इंग्रजी आहे, एवढ्यावर आपण ओळख विसरलो.

आणि आपल्याला ही जात ओळखता येत नाही, याचं एक कारण आपल्या सवयीत आहे. मराठी कान आकाशवाणीने घडवला. ‘गीत अमुक यांचं, संगीत तमुक यांचं, स्वर फलाणे’ ही तीन नावं कानावर पडल्याशिवाय भावगीत सुरूच व्हायचं नाही. फार चांगली सवय. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ही नावं घराघरात गेली ती यामुळेच. मात्र तीन खुर्च्यांवर एकच माणूस बसला की आपण गोंधळतो, आणि त्याला नुसता ‘गायक’ म्हणून सोडून देतो. खरं तर शाहीर, कीर्तनकार, आणि नदीपलीकडे तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातले गायक, म्हणजे कांतारिस्त, सगळे तीन खुर्च्यांवर बसणारेच. 17 एप्रिल 1892 ला मुंबईत पहिलं तियात्र रंगलं. तेव्हापासून स्वतः लिहून स्वतः गायची ही रीत आपल्या कुशीत वाढतेय, आणि आपण तिला ‘पावाची गाणी’ म्हणत राहिलो. हा शब्द मी लहानपणी सर्रास वापरलाय.

संतांनी यावर एक नामी तोडगा काढून ठेवला होता, नाममुद्रा. ‘तुका म्हणे’ आल्याशिवाय अभंग संपत नाही. आमच्या पेडण्यातल्या पालयेत 1714 मध्ये जन्मलेले सोहिरोबानाथ आंबिये हे त्या काळचे मोठेच पिसे. साठीला आल्यावर घर सोडून उत्तरेकडे गेले, आणि महादजी शिंद्यांना ‘तुझी गरज नाही’ असं गाऊन सुनावलं अशी आख्यायिका आहे. किस्सा म्हणून स्कूटरपेक्षा तगडा. पण आमच्या गावच्या सप्ताहात रात्री दोन वाजता कुणी महादजीची गोष्ट सांगत बसत नाही. ‘हरिभजनाविण काळ घालवू नको रे’ गातात, शेवटी ‘सोहिरा म्हणे’ येतं, आणि ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळतं की रचणारा कोण. सांगायचं विसरताच येत नाही, कारण नाव गाण्याच्या आतच शिवलेलं आहे. दोन-अडीचशे वर्षं ना मानधन, ना पुरस्कार. तरी ओळ टिकली आणि ओळीसोबत माणूस टिकला.

पॉप गाण्याला नाममुद्रा नाही. कॅसेटच्या डबीत घडी घालून ठेवलेला कागद हीच त्याची नाममुद्रा होती. बारीक अक्षरात शब्द कुणाचे, चाल कुणाची, गिटार कुणी वाजवली. तो कागद आम्ही दहादा वाचायचो, कारण वाचायला दुसरं काही नसायचं. कॅसेट गेली, कागद गेला. गाणं फोनवर आलं आणि त्यासोबत आलं फक्त गाणाऱ्याचं नाव, तेही कित्येकदा चुकीचं. गेल्या वर्षी एका लग्नात डीजेने ओळीने जुनी गोव्याची गाणी लावली. मी जाऊन विचारलं, हे कुणाचं? म्हणाला, ‘काका, फोल्डर आलाय, गोवा ओल्ड हिट्स.’ पोरगा सज्जन होता. मला पुढचं गाणं कुठलं हवं ते त्याने विचारलं. रचनाकाराचं नाव त्याच्यापर्यंत पोहोचण्याची व्यवस्थाच नाही, तर त्याला कसा दोष द्यायचा?

यात सर्वांत जास्त मार बसलाय तो मडगावच्या बोर्ड्याच्या ख्रिस पेरींना. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’ ही गाणी गोव्यात कुणालाही विचारा, उत्तर येईल ‘लोर्नाची’. गायिका लोर्नाचीच, यात वाद नाही. तो गळा नसता तर ती गाणी अर्धीच राहिली असती. पण रचली, बांधली, वाद्यमेळात बसवली ती ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या या माणसाने. बेबदो म्हणजे दारुडा. हा विषय एका तरुण बाईच्या गळ्यात घालायचा आणि खाली नाचता ताल ठेवायचा, म्हणजे ऐकणारा हसत हसत नाचतो आणि नंतर त्याला आपण कशावर नाचलो ते कळतं. ही करामत रचणाऱ्याची. एक मान्य करतो. दहाएक वर्षांपूर्वी बार्डरॉय बार्रेतो यांच्या ‘नाचुया कुंपासार’ या कोकणी सिनेमाने त्या दोघांच्या नात्याला स्मरून कथा रचली, आणि त्या कथेमुळेच नव्या पिढीने ती गाणी पुन्हा ऐकली. किस्सा कधी कधी गाण्यापर्यंत नेतो. माझी कुरकुर किस्सा दारातच थांबवून ठेवतो तेव्हाची आहे. त्या सिनेमात गाणी पुन्हा नव्याने वाजवली, म्हणजे कुणीतरी बसून प्रत्येक वाद्याचा तुकडा ऐकला, उतरवला. त्याला मी कदर म्हणतो.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत, कारण घरातच ऐकतो. पहिला असा की इंग्रजी पॉप हे शिकल्यासवरल्या, किनारपट्टीवरच्या लोकांचं चोचलं. सत्तरी-डिचोलीच्या माणसाला त्याचं काय? यात तथ्य आहे. रेमोची विनोदबुद्धी गोव्याच्या इंग्रजीत आहे, त्या हेलात, त्या अर्धवट भाषांतरित शिव्यांत. आमच्या शनिवारच्या मंडळींनी एकदा त्याचं एक गाणं मराठीत करून पाहिलं. तीन संध्याकाळी गेल्या आणि हाती आली ती पाठ्यपुस्तकातली कविता. हेल उतरतच नाही. पण म्हणून ते परकं कसं? तो हेल आम्हाला कळतो म्हणून तर हसू येतं. तो पुण्याच्या मराठी माणसाला तितका कळणार नाही, पार्शाच्या, मांद्र्याच्या माणसाला कळतो. याचा अर्थ गाणं भाषेने आपलं नसेल, गावाने आपलं आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या गायकांचे चरित्रग्रंथ आमच्या कपाटात आहेत आणि फेरीपलीकडच्या माणसाचं काम ‘त्यांचं’ आहे, हे गणित मला कधी सुटलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार. जमिनी चालल्यात, खाणींचा प्रश्न आहे, टेकड्या कापताहेत, आणि तुम्ही कॅसेटी जपा म्हणता? यावर मी भांडत नाही. एवढंच म्हणतो की कला अकादमीच्या इमारतीसाठी आपण भांडलोच ना. चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी उभी केलेली ती वास्तू, तिचं नूतनीकरण, 2023 च्या जुलैत खुल्या रंगमंचाचं कोसळलेलं छत, यावर वर्तमानपत्रांची पानंच्या पानं गेली, आणि जायलाच हवी होती. मग त्या रंगमंचावरून जे गायलं गेलं त्याच्या फितीबद्दल एखादा रकाना?

फितीचं म्हणाल तर आमच्या हवेत ती टिकत नाही. आषाढ-श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर येते तीच बुरशी कॅसेटवर येते, पांढरी, भुरभुरीत. आमच्यातला एक जण कपाटात मंद बल्ब लावून ठेवतो, जसे लोक कॅमेऱ्यांसाठी ठेवायचे. त्याच्या बायकोच्या मते विजेच्या बिलात रेमोचं नाव लावायला हवं. पण एका माणसाच्या बल्बवर गोव्याची गाणी किती वर्षं टिकणार? पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 पासूनची परंपरा असलेलं. तिथे पुस्तकासारखीच कॅसेट आणि तबकडी दाखल करून घेणारं, ती ऐकायला देणारं दालन असावं, अशी माझी साधी मागणी. लोकांच्या घरात अजून पेट्या आहेत. पोरं परदेशी गेली की त्या भंगारात जातात, त्याआधी कुणीतरी ‘आम्ही घेतो’ म्हणायला हवं.

कायदा आड येतो असं कुणी म्हणेल. येत नाही. बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल करून ठेवायला 2012 च्या दुरुस्तीनंतरचा कॉपीराइट कायदा मुभा देतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे 1971 मध्ये निघालेली तबकडी 2031 च्या अखेरीस मोकळी होईल. शब्द आणि चालीवरचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. ख्रिस पेरी 2002 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचना 2062 अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या. त्याच 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा मानधनातला वाटा असा बांधून ठेवला की करारावर सही करून तो कंपनीला देऊन टाकता येत नाही. हे हॉटेलवाल्यांनी, सोहळेवाल्यांनी आणि रीळ बनवणाऱ्या आमच्या पोरांनीही समजून घ्यायला हवं. गाण्याखाली नाव लिहिणं हे सौजन्य आहेच, पण ते नाव माहीत नसेल तर पैसे पोहोचणार कुणाकडे?

दालनात आणखी एक गोष्ट हवी. रोमी लिपीतली ही सगळी कांतारं देवनागरीत लावून ठेवायची, शब्दार्थासकट. लिपीचं आपल्याकडे काय होतं याची एक मजेशीर जुनी साक्ष आहे. सोळाव्या शतकात मिशनऱ्यांनी इथल्या रामायण-महाभारताच्या कथा भाषा शिकण्यासाठी रोमी अक्षरांत उतरवून घेतल्या, आणि त्या पोथ्या आज पोर्तुगालच्या ब्रागा शहरात आहेत. आपल्या देवांच्या गोष्टी त्यांच्या अक्षरांत वाचल्या. आता त्यांची गाणी आपल्या अक्षरांत वाचायला काय हरकत आहे? आमच्या भागातल्या कितीतरी माणसांना ‘लिस्बोआ’ची चाल येते आणि शब्द मात्र ‘ला ला ला’.

शेवटी आम्हा चाहत्यांबद्दल. आमच्यात एक असा आहे की त्याला रेमोची बासरी कुठल्या सुरात होती ते ठाऊक, पण गाणं पुरतं ऐकण्याआधी तो पुढचं लावतो. एकाला सगळंच थोर वाटतं. मला वाटत नाही. 1984 ते 87 च्या घरगुती कॅसेटींत जो माणूस ऐकू येतो तो मला नंतरच्या भरगच्च हिंदी अल्बमांत कमी भेटतो. 1998 चं ‘ओ मेरी मुन्नी’ देशभर गाजलं, मी त्यावर नाचलोही आहे, पण पुन्हा काढून ऐकावंसं वाटत नाही. हे मी बोललो की बाल्कांवात दंगा होतो. आमच्या सगळ्या शनिवारांतले बरे शनिवार ते. 2007 च्या पद्मश्रीबद्दल, 2021 मध्ये आलेल्या त्याच्या आत्मचरित्राबद्दल आम्ही एकमताने माना डोलावतो आणि लगेच कंटाळतो. नुसत्या स्तुतीत ऐकण्याचं काम होत नाही. हे गाणं का जमलं आणि ते का फसलं यावर कुणीतरी चिडायला लागतं, तेव्हा चार जण पुन्हा कान देऊन ऐकतात.

परवा असंच झालं. आमच्या गावच्या भजनी मंडळातला पेटीवाला आमच्यासोबत आला होता, वडिलांच्या वेळचा, सत्तरीचा. चार ट्रॅकचं प्रकरण त्याने नीट समजून घेतलं, म्हणाला, ‘म्हंजे एकच बुवा, तोच पखवाज, तोच टाळ.’ मग एक जुनं गाणं तीनदा लावायला सांगितलं आणि पेटीवर धरलं. कुणीतरी डब्यावर ठेका दिला. शब्द त्याला येत नव्हते, त्याने आपले ‘रामकृष्णहरी’ घातले. बसलेही. शेवटाला मात्र अडला. तीच ओळ त्याने दोनदा घोळवली, आमच्याकडे पाहिलं, आणि सवयीने समेवर येत म्हणाला, ‘रेमो म्हणे…’ पुढे काय म्हणे ते कुणालाच सुचेना. डबेवाला ठेका देतच राहिला.